हिर्शस्प्रंग : आजाराच्या नावामागचा माणूस

सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहतात. तापीकाठाने जळगाव-भुसावळकडून येणाऱ्या रेल्वेने ती आली, यंत्रमागांवर आणि कापडाच्या कारखान्यांत स्थिरावली. नगरपालिकेच्या मराठी शाळांत त्यांची मुले शिकली. अशा एखाद्या घरात बाळ जन्मते. पहिले दोन दिवस त्याला शीच होत नाही. पोट नगाऱ्यासारखे ताणले जाते, दूध टिकत नाही, उलटी हिरवी पडते. मग मोठे रुग्णालय, क्ष-किरण चित्रे, आतड्याच्या तुकड्याची तपासणी, आणि अखेर कागदावर एक नाव. ते आईला वाचता येत नाही, वडिलांना उच्चारता येत नाही : हिर्शस्प्रंग.

सुरतेत जे घडते, ते गोव्यातही घडते. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. मुलींपेक्षा मुलांत तो चौपट आढळतो. शस्त्रक्रियेने बाळ वाचते, घरी येते, आणि सर्वांना वाटते की संकट टळले. परंतु अनेक घरांत खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. पोट पुन्हा फुगते, शौच अडते किंवा कपड्यांतच होते. शाळेत जाण्याच्या वयाचे मूल मित्रांपासून दूर बसू लागते. ज्यांचे नाव या आजाराला लाभले, त्या डॉक्टरांच्या हयातीत हा प्रश्न उद्भवलाच नव्हता, कारण त्यांच्या काळी असे मूल मोठे होण्याची शक्यता फार थोडी होती. तरीही या मुलांच्या आजच्या उपचारांची मुळे त्यांच्या आयुष्यात सापडतात. त्यांनी काय पाहिले आणि त्यांच्या नजरेतून काय निसटले, या दोन्ही गोष्टी आजही शिकवणाऱ्या आहेत.

तंबाखूचा वाडा सोडून

हाराल्ड हिर्शस्प्रंग यांचा जन्म १४ डिसेंबर १८३० रोजी डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. आडनावाचा जर्मन भाषेतील अर्थ हरणाची उडी. वडील तंबाखूचे व्यापारी होते. त्यांनी उभा केलेला कारखाना पुढे डेन्मार्कमध्ये नावारूपाला आला. थोरल्या पिढीची अपेक्षा होती, की मुलांनी पेढी सांभाळावी. धाकटे बंधू हाइनरिख यांनी ती सांभाळली, भरपूर पैसा मिळवला आणि तो चित्रांवर खर्च केला. त्यांनी जमवलेला डॅनिश चित्रांचा संग्रह देशाला अर्पण झाला आणि १९११ पासून तो कोपनहेगनमधील एका सुंदर संग्रहालयात मांडलेला आहे. त्या शहरात आजही हिर्शस्प्रंग म्हटले, की सामान्य माणसाला चित्रेच आठवतात. जगाच्या उरलेल्या भागात मात्र ते नाव आजारी मुलांच्या केसपेपरवर लिहिले जाते.

हाराल्ड यांनी व्यापाराची वाट नाकारली. १८४८ साली ते विद्यापीठात दाखल झाले आणि १८५५ मध्ये वैद्यकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. तो काळ ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ साली सुरू झाली होती. लंडनमध्ये मुलांसाठीचे पहिले रुग्णालय १८५२ साली उघडले. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, अशीच बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. अर्भकांचे मृत्यू इतके सामान्य होते, की त्यामागचे कारण शोधण्यात आयुष्य घालवावे, असे फारसे कोणाला वाटत नसे.

हिर्शस्प्रंग यांना ते वाटले. त्यातही जन्मतःच शरीराच्या रचनेत राहून गेलेल्या दोषांकडे त्यांचे लक्ष गेले. १८६१ मध्ये त्यांनी डॉक्टरेटसाठी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता जन्मजात बंद असलेली अन्ननलिका आणि लहान आतडे. अशी बाळे काही दिवसांत दगावत. त्यांच्यावर करण्यासारखा कोणताही उपचार त्या काळी नव्हता. उपचार नसलेल्या आजाराचा अभ्यास करण्यात काय मतलब, असा प्रश्न कोणीही विचारला असता. हिर्शस्प्रंग यांची वृत्ती वेगळी होती. जे बरे करता येत नाही, ते निदान नीट पाहून, नीट लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या माणसाला कोठून तरी सुरुवात करता येईल, हेच त्यांच्या कामातून दिसते.

मुलांचे रुग्णालय

१८७० मध्ये ते कोपनहेगनच्या रिगेन्सगेड या रस्त्यावरील छोट्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. १८७९ मध्ये राणी लुईझ यांच्या नावाचे नवे बालरुग्णालय उभे राहिले आणि त्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. या रुग्णालयाविषयी एक गोष्ट सांगितली जाते. प्रत्येक खाटेवर बायबलमधील वचन लिहावे, अशी राणीची इच्छा होती. हिर्शस्प्रंग यांचे म्हणणे असे, की आजारी मुलाला डोळे उघडल्यावर प्राण्यांची चित्रे दिसावीत. चित्रे लागली. त्यानंतर ते प्रमुख असेपर्यंत राणी त्या इमारतीत पाऊल टाकायला आली नाही, असे म्हणतात. गोष्टीत थोडी भर पडली असेलही, पण तिच्यातला माणूस त्यांच्या एकूण आयुष्याशी जुळतो. रुग्णालय मुलांसाठी आहे, तर त्याच्या भिंतीही मुलांच्या नजरेच्या असाव्यात, एवढा साधा हट्ट त्यांनी राजघराण्यापुढेही सोडला नाही.

१८९१ मध्ये ते प्राध्यापक झाले. व्याख्याने मात्र ते रविवारी सकाळी देत, आणि वक्तृत्वाची देणगी त्यांना नव्हती. साहजिकच वर्गात विद्यार्थी थोडे असत. ज्यांच्या नावाने जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना पुढे परीक्षेत प्रश्न येणार होते, त्यांच्यासमोर त्यांच्याच शहरात मोजकी डोकी बसत. त्यांचे खरे शिकवणे खाटांच्या ओळींमधून चाले.

त्या खाटांवर त्यांनी एका आजारावर मोठे यश मिळवले. लहान बाळांत कधी कधी आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो, जशी दुर्बिणीची एक नळी दुसरीत सरकते. मूल कळवळते, रक्तमिश्रित शी होते आणि वेळेत आतडे सुटले नाही तर मृत्यू ओढवतो. पोट उघडून ते सोडवण्याच्या शस्त्रक्रियेत त्या काळी बहुतेक मुले दगावत. हिर्शस्प्रंग यांनी गुदद्वारातून पाणी सोडून, त्याच्या दाबाने आतडे मागे ढकलण्याची पद्धत अवलंबली. १८७६ पासून ते तिच्याविषयी लिहीत राहिले. १९०५ मध्ये त्यांनी १०७ मुलांचा हिशेब मांडला. त्यांत दगावलेली मुले शंभरात पस्तीस होती. आज हा आकडा भयंकर वाटेल, परंतु त्या काळी तो आशेचा होता. चाकू न लावता, मापाने आणि धीराने सोडलेले पाणी मुलाचा जीव वाचवू शकते, हा धडा त्या १०७ नोंदींत होता.

जठराचे खालचे तोंड जाड होऊन अर्भकाला धारेने उलट्या होण्याचा जो आजार आज प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला ठाऊक आहे, त्याचे स्पष्ट वर्णनही त्यांनीच १८८८ मध्ये केले. परंतु त्यांचे नाव राहिले ते तिसऱ्याच एका शोधाने.

बर्लिन, १८८६

१८८६ साली बर्लिन येथे बालरोगतज्ज्ञांची सभा भरली होती. तेथे हिर्शस्प्रंग यांनी दोन मुलांची हकीकत मांडली. दोघांनाही जन्मापासून शौचाची अडचण होती. औषधांनी आणि एनिमाने तात्पुरते मोकळे होई, पुन्हा पोट फुगे. रुग्णालयात ठेवून त्यांची आतडी परोपरीने धुतली गेली. थोडे बरे वाटे, आई-बापांच्या आशा पालवत, आणि पुन्हा सारे मूळपदावर येई. अखेर अचानक जुलाब सुरू झाले, अंगातले त्राण गेले आणि वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच दोन्ही मुले दगावली.

शवविच्छेदनात जे दिसले, ते त्यांनी काळजीपूर्वक नोंदवले. मोठे आतडे प्रचंड फुगलेले होते. त्याची भिंत जाड झाली होती आणि आतल्या अस्तरावर व्रण होते. सर्वांत खालचा भाग, म्हणजे गुदाशय, मात्र फुगलेला नव्हता. तो पाहणाऱ्याला साधारण वाटावा असा होता. या साऱ्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की मोठ्या आतड्याचे हे फुगणे जन्मजात आहे आणि तोच आजार आहे. पुढच्या दोन वर्षांत हा निबंध जर्मन भाषेतून छापला गेला. त्यानंतरही ते अशा मुलांच्या नोंदी ठेवत राहिले आणि हळूहळू आजाराला त्यांचे नाव पडले.

असे मूल त्यांच्याआधी कोणी पाहिलेच नव्हते, असे नाही. हॉलंडच्या फ्रेडरिक रॉइश यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस अशाच एका मुलीची नोंद केली होती. आपल्या सुश्रुतसंहितेतही गुदमार्ग आकसून शौच अडण्याच्या विकाराचे वर्णन सन्निरुद्धगुद या नावाने येते. त्यावर तूप लावलेली नळी घालून मार्ग हळूहळू रुंद करावा, काही दिवसांनी त्याहून जाड नळी वापरावी, असा उपचारही सांगितलेला आहे. हिर्शस्प्रंग यांचे वेगळेपण असे, की त्यांनी मुलाच्या जिवंतपणीची कहाणी आणि मृत्यूनंतरचे आतडे एकत्र ठेवून एक पूर्ण चित्र उभे केले. ते चित्र इतके स्पष्ट होते, की दुसऱ्या देशातल्या डॉक्टरला आपल्यासमोरचे मूल त्यात ओळखू आले.

त्याच सुमारास, १८९५ च्या आसपास, सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात डॉ. रखमाबाई रुजू झाल्या. लहानपणी झालेले लग्न नाकारून ज्यांनी न्यायालयात लढा दिला आणि नंतर लंडनहून वैद्यकाचे शिक्षण घेतले, त्या मूळच्या मुंबईच्या मराठी डॉक्टरांनी सुरतेत दोन दशकांहून अधिक काळ बाळंतिणींची सेवा केली. या आजाराचे बाळ त्या काळी सुरतेत जन्मले असते, तर त्याचे भवितव्य कोपनहेगनच्या बाळापेक्षा वेगळे नसते. ज्ञानाची मर्यादा दोन्ही शहरांना सारखीच होती.

डोळ्यांसमोर असूनही न दिसलेले

हिर्शस्प्रंग यांच्या निष्कर्षात एक चूक होती आणि ती साठ वर्षे टिकली. फुगलेले आतडे डोळ्यांत भरत होते, म्हणून तोच आजार, असे त्यांनी मानले. प्रत्यक्षात तो भाग निर्दोष होता. खालच्या अडथळ्याशी झुंजून झुंजून तो ताणला आणि जाडावला होता. दोष होता तो खालच्या, साध्या दिसणाऱ्या, न फुगलेल्या भागात.

आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे जाळे असते. त्यांच्यामुळे आतडे लाटेसारखे आकुंचन पावते, सैल होते आणि मळ पुढे सरकतो. गर्भावस्थेच्या पहिल्या तीन महिन्यांत या पेशी तोंडाकडून गुदद्वाराच्या दिशेने प्रवास करत आतड्यात वसतात. काही बाळांत हा प्रवास वाटेतच थांबतो. पेशी जेथवर पोहोचल्या, तेथवर आतडे चालते. त्यापुढचा भाग कायम आवळलेला राहतो. आई-वडिलांच्या कोणत्याही कृतीने हे घडत नाही. काही मुलांत जनुकांतील बदल सापडतो आणि डाऊन सिंड्रोम असलेल्या बाळांत हा आजार अधिक दिसतो. गरोदरपणी आईने काय खाल्ले, कोठे गेली, ग्रहण पाळले की नाही, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

१९०१ मध्ये टिटेल या डॉक्टरांनी चेतापेशींतील या दोषाची नोंद केली होती. हिर्शस्प्रंग तेव्हा हयात होते, परंतु त्या नोंदीकडे जगाचे लक्ष गेले नाही. १९०४ मध्ये प्रकृती ढासळल्याने ते रुग्णालयातून निवृत्त झाले. ११ एप्रिल १९१६ रोजी, वयाची ८५ वर्षे पूर्ण झालेली असताना, त्यांचे निधन झाले. आपल्या नावाच्या आजाराचे खरे कारण त्यांना अखेरपर्यंत कळले नाही, आणि त्यातून कायमचे बरे झालेले मूलही बहुधा पाहायला मिळाले नाही.

त्यांच्या मागे शल्यविशारद फुगलेला भाग कापून काढत राहिले. मूल काही दिवस बरे दिसे, मग वरचा चांगला भाग फुगू लागे. हे कोडे सुटले अमेरिकेतील बोस्टन शहरात. स्वीडनमध्ये जन्मलेले शल्यविशारद ऑर्व्हार स्वेन्सन यांच्या लक्षात आले, की पोटावर छिद्र करून शौचाची वाट वळवली, की अशी मुले सुधारतात, आणि ती वाट बंद करून आतडे पुन्हा जोडले, की दुखणे परत येते. म्हणजे दोष छिद्राच्या खाली असला पाहिजे. त्यांनी आतड्यात लहान फुगे ठेवून हालचाल मोजली. खालच्या भागात लाट पोहोचतच नव्हती. १९४८ मध्ये त्यांनी अलेक्झांडर बिल यांच्यासह नवी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली : चेतापेशी नसलेला भाग काढायचा आणि वरचे निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराशी जोडायचे. पुढे फ्रान्सचे द्युआमेल आणि इटलीचे सोआवे यांनी तिच्यात बदल केले. १९९८ पासून पोट न उघडता केवळ गुदमार्गातून ती करण्याची पद्धतही रुळली. मुंबईत मुलांसाठीचे वाडिया रुग्णालय १९२९ पासूनच होते. १९६५ मध्ये भारतातील बालशल्यविशारदांची संघटना स्थापन झाली, आणि मोठ्या शहरांपुरते असलेले हे कौशल्य हळूहळू इतर शहरांतही पोहोचले.

शस्त्रक्रियेनंतरची वाट

मुले जगू लागली, तेव्हा हिर्शस्प्रंग यांना कधीच न पडलेला प्रश्न पुढे आला. शस्त्रक्रिया यशस्वी झालेल्या मुलांतही काहींचे पोट फुगतच राहते, काहींचे कपडे रोज खराब होतात. आणि येथे त्यांचीच चूक घरोघरी नव्याने घडते : जे डोळ्यांत भरते, तोच दोष समजला जातो. खराब झालेली चड्डी दिसते, म्हणून मूल आळशी, हट्टी किंवा घाणेरडे ठरते. घरात ओरडा बसतो, नातेवाईक नाक मुरडतात, शाळेतून तक्रार येते. मुलाला मात्र बहुतेक वेळा शौच होत असल्याचे जाणवलेलेही नसते.

कारण शोधायचे, तर ते पायरीपायरीने शोधावे लागते. जोडाची जागा आकसली आहे का, हे तपासून पाहावे लागते. तसे असेल तर ती हळूहळू रुंद करतात. सुश्रुतांच्या नळीचेच हे आजचे रूप. खाली आणलेले आतडे पिळवटले आहे का, हे आतड्यात औषध सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात दिसते. जोडलेल्या भागात चेतापेशी पुरेशा आहेत का, यासाठी पुन्हा तुकडा तपासावा लागतो. जुन्या शस्त्रक्रियेच्या वेळचे तुकडेही पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जातात. म्हणूनच शस्त्रक्रियेचे सारे कागद, अहवाल आणि चित्रे जपून ठेवणे फार महत्त्वाचे. गाव बदलणाऱ्या, कामासाठी आज सुरत तर उद्या आणखी कोठे जाणाऱ्या कुटुंबांत हेच कागद हरवतात, आणि नव्या डॉक्टरांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

रचनेत दोष नसेल आणि चेतापेशीही असतील, तरी गुदद्वाराचा आतला स्नायू सैल न होण्याची अडचण या मुलांत आढळते. त्यासाठी स्नायूत बोटुलिनम या औषधाचे इंजेक्शन देतात. त्याचा परिणाम काही महिने टिकतो आणि गरजेप्रमाणे ते पुन्हा देता येते. पुष्कळ मुले वयाबरोबर यातून बाहेर पडतात. काहींना पुन्हा शस्त्रक्रिया लागते, परंतु तो निर्णय या सर्व तपासण्यांनंतरच घ्यायचा असतो.

कपडे खराब होण्यामागेही दोन अगदी विरुद्ध कारणे असू शकतात. एका मुलाच्या आतड्यात मळ साचतो आणि त्याच्या कडेने पातळ शी झिरपते. पाहणाऱ्याला ते जुलाब वाटतात, पण मूळ दुखणे बद्धकोष्ठाचे असते. दुसऱ्या मुलाचे आतडे फार वेगाने चालते, मळ साठून राहतच नाही. पहिल्याला जुलाबाचे औषध हवे. दुसऱ्याला तेच औषध दिले, तर हाल वाढतील. त्याला शौच बांधून ठेवणारा आहार आणि आतड्याची गती कमी करणारे औषध हवे. पोटाचे एक साधे क्ष-किरण चित्र पुष्कळदा हा फरक दाखवते. शेजारच्या मुलाला लागू पडलेले औषध आपल्या मुलाला द्यावे, असा हा आजार नव्हे.

ज्या मुलांना औषधांनी नियंत्रण येत नाही, त्यांच्यासाठी रोज ठरावीक वेळी एनिमा देऊन आतडे पूर्ण रिकामे करण्याचा नेम बसवतात. आठवडाभर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रोज चित्र पाहून, पाण्याचे माप आणि त्यातले औषध ठरवले जाते. माप जमले, की पुढचे चोवीस तास मूल कोरडे राहते. ते शाळेत जाते, खेळते, सहलीला जाते. मोठ्या मुलांत पोटावर छोटी वाट करून वरून पाणी सोडण्याची सोयही १९९० पासून वापरात आहे, त्यामुळे त्यांना स्वतःचे स्वतः करता येते. कोपनहेगनच्या त्या वॉर्डात धीराने सोडलेले पाणी असे शतकानंतर मुलांच्या उपयोगी पडते आहे. फरक इतकाच, की तेव्हा ते अडथळ्याविरुद्ध वापरले जात होते, आज अडथळा काढल्यावर वापरले जाते.

या पाण्याविषयी एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक आहे. ते डॉक्टरांनी सांगितलेले मिठाचे पाणीच असावे आणि माप त्यांनीच दिलेले असावे. फुगलेल्या आतड्यात नळाचे साधे पाणी सोडले, तर ते शरीरात शोषले जाऊन जिवाला धोका होऊ शकतो. साबणाचे पाणी आणि दुकानातून आणलेला तयार एनिमाही विचारल्याशिवाय देऊ नये.

आणि एक धोका असा आहे, की तो हिर्शस्प्रंग यांनी आपल्या पहिल्या दोन रुग्णांतच पाहिला होता. अखेरीस अचानक सुरू झालेले ते जुलाब म्हणजे आतड्याची तीव्र सूज होती, असे आज मानले जाते. हा प्रकार शस्त्रक्रियेपूर्वी होतो, तसा यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही होऊ शकतो, विशेषतः पहिल्या एक-दोन वर्षांत. पोट ताणून फुगणे, ताप, मलूलपणा, उलट्या आणि दुर्गंधीयुक्त, जोराने होणारे पातळ शौच, ही त्याची चिन्हे. साधे जुलाब समजून घरी मीठ-साखरेचे पाणी देत बसण्याची ही वेळ नव्हे. जुलाब थांबवणारे औषध तर मुळीच देऊ नये. त्याच तासाला रुग्णालय गाठावे आणि दारातच सांगावे, की या मुलाची हिर्शस्प्रंगची शस्त्रक्रिया झालेली आहे. तेथे शिरेवाटे सलाइन आणि प्रतिजैविके देतात, नळीने आतडे धुतात, आणि वेळेत आलेले मूल सहसा सावरते.

येथे ते अवघड नाव उपयोगी पडते. आई-वडिलांना ते अचूक उच्चारता आले नाही तरी चालेल, कागदावर लिहून खिशात ठेवले तरी पुरे. पणजी असो, सुरत असो वा कोपनहेगन, कोणत्याही रुग्णालयातल्या डॉक्टरला त्या एका शब्दात मुलाची निम्मी कहाणी कळते. हाराल्ड हिर्शस्प्रंग यांना आपल्या दोन लहानग्या रुग्णांना वाचवता आले नाही. त्यांच्या आजाराचे कारणही त्यांना नीट सापडले नाही. पण त्यांनी पाहिलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवले, आणि पुढच्यांना त्यातूनच चूक शोधता आली. आज शस्त्रक्रियेनंतरही त्रास सोसणाऱ्या मुलांच्या बाबतीत घराने आणि शाळेने करायचे, ते याहून फार वेगळे नाही. रागावण्याआधी नीट पाहावे, दिवस-वेळ लिहून ठेवावे, आणि ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे. शस्त्रक्रियेची जखम भरली, तरी उपचार संपलेले नसतात. ते नेटाने चालू ठेवले, तर बहुतेक मुलांना इतर मुलांसारखे बालपण मिळू शकते.